मोहोळ आणि मोहोर

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, लाडघर आणि कोळथरे या गावांच्या दरम्यान, बुरोंडी हे समुद्रकाठचे गाव वसलेले आहे. खाली मासेमारीचे बंदर, वर जांभ्या दगडाचा डोंगर आणि त्या डोंगरावर पृथ्वीच्या घुमटाकार प्रतिकृतीवर उभी असलेली परशुरामाची भव्य मूर्ती, अशी या गावाची ओळख प्रवाशांना असते. परंतु पौष-माघाच्या दिवसांत, सकाळची उन्हे चढू लागली म्हणजे येथील उतारांवरील आंब्याकाजूच्या बागांत जो एक अखंड, मंद गुंजारव ऐकू येतो, त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. हा गुंजारव म्हणजे बागेतील सर्वांत मोठे काम चालू असल्याची खूण होय. त्या कामकऱ्यांना कोणी मजुरी देत नाही, आणि एखाद्या वर्षी ते कामावर आले नाहीत तर त्यांची आठवणही पुष्कळदा फळ धरले नाही म्हणजेच होते.

हे कामकरी एका जातीचे नाहीत. मोहोरावर घरमाशीसारख्या दिसणाऱ्या नाना प्रकारच्या माश्या असतात, भुंगे असतात, मुंग्याही असतात. तथापि मध साठविण्याची कला ज्यांना अवगत आहे अशा मधमाश्यांच्या चार जाती आपल्याकडे मूळच्या आहेत. पहिली आग्या. उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली, कड्याच्या कपारीत किंवा जुन्या इमारतीच्या छज्जाखाली ती एकच एक मोठे पोळे उघड्यावर लोंबते ठेवते. तिचा राग प्रसिद्ध आहे. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी प्रवाशांना तिने पळता भुई थोडी केल्याच्या घटना अनेकदा घडलेल्या आहेत. दुसरी फुलोरी. ही अगदी लहान, झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे पोळे बांधणारी. तिसरी सातेरी. ही अंधाराची आवड असलेली. झाडाची ढोली, वारूळ, दगडी बांधातील पोकळी अशा ठिकाणी ती एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. चौथी पोयाची माशी. हिला नांगीच नसते. भिंतीच्या फटीत मेण आणि डिंक यांची लहानशी नळी दाराशी काढून ती राहते, आणि तिचा आंबटगोड मध औषधी म्हणून जपून ठेवला जातो.

या चौघींपैकी मनुष्याच्या घराशेजारी सुखाने नांदण्यास तयार झाली ती मुख्यतः सातेरी. आग्याचे एक मोठे पोळे वीस किलोहून अधिक मध देऊ शकते. सातेरीची वसाहत चांगल्या जागी आणि चांगल्या वर्षी पाच ते दहा किलो देते. तरीही मधुमक्षिकापालनाचा सारा इतिहास आपल्या देशात सातेरीभोवती घडला, याचे कारण तिच्या घराच्या रचनेत आहे. ते कारण समजून घेण्यासाठी आधी मनुष्याने मध मिळविण्याचा जुना मार्ग पाहिला पाहिजे.

तो मार्ग लुटीचा होता. मध्य प्रदेशात पचमढीच्या परिसरातील शैलाश्रयांत आणि स्पेन देशातील बिकोर्प येथील एका गुहेत आदिमानवाने काढलेली मध काढण्याची चित्रे आहेत. माणूस दोरासारख्या शिडीवरून वर चढला आहे आणि भोवती माश्या घोंगावत आहेत. दोन खंडांत एकमेकांना ठाऊक नसलेल्या लोकांनी चितारलेला प्रसंग मात्र एकच आहे. रामायणातील मधुवनाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. सीतेचा शोध लावून परतलेल्या वानरांनी सुग्रीवाच्या राखीव मधुवनात शिरून मनसोक्त मध प्याला आणि वनाचा रक्षक दधिमुख याला चोप दिला. या कथेतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: मध ही रक्षक नेमून राखण्याएवढी मोलाची वस्तू होती. देवपूजेतील पंचामृत, अतिथीला आणि वराला द्यावयाचा मधुपर्क, नवजात बालकाला मध चाटविण्याचा जुना संस्कार, या सर्वांत मधाला मानाचे स्थान मिळाले. वैद्यकाने तर त्याचे बारकाईने वर्गीकरण केले. चरकाने मधाचे चार प्रकार सांगितले आणि सुश्रुताने आठ; पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. माशीच्या जातीवरून मधाचे गुण बदलतात, हे निरीक्षण त्या काळी झालेले होते.

परंतु मध मिळविण्याची रीत मात्र तीच राहिली. कोकणातील कातकरी आजही आग्याचे मोहोळ उतरविताना धूर करतो, चपळाईने फांदी गाठतो आणि पोळे कापून घेतो. त्याचे धैर्य आणि त्याचे रानाचे ज्ञान यांबद्दल आदरच वाटला पाहिजे. तथापि पोळे सरसकट कापले म्हणजे त्यात मधाबरोबर अंडी, अळ्या आणि परागही येतात. मध पिळून काढताना हे सारे चिरडले जाते, आणि वसाहतीची पुढची पिढी नष्ट होते. युरोपातही याहून निराळा प्रकार नव्हता. तेथे गवताच्या विणलेल्या टोपल्यांत माश्या पाळीत. आणि हंगामाच्या अखेरीस त्या टोपलीखाली गंधक जाळून माश्या मारीत व मध काढून घेत. ज्या वसाहतीने अधिक मध साठविला तिचाच बळी आधी जाई. उद्योगी कुटुंबाला उद्योगाबद्दल देहदंड, असाच हा न्याय होता.

हा न्याय बदलण्यासाठी प्रथम माशीचे घर आतून पाहणे आवश्यक होते. प्राचीन काळी ॲरिस्टॉटलसारख्या विद्वानानेही वसाहतीच्या प्रमुखाला राजा मानले. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली त्या ‘राजा’चे विच्छेदन केले, तेव्हा त्याच्या पोटात अंडाशय आढळला. राजा वस्तुतः राणी निघाला! त्यानंतर अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स्वा ह्यूबर या स्विस गृहस्थाने मधमाशीच्या जीवनावर पुढील शतकभर प्रमाण मानला गेलेला ग्रंथ १७९२ साली प्रसिद्ध केला. आश्चर्य असे की ह्यूबर अंध होता. त्याचा सेवक फ्रान्स्वा बर्नेन्स पाही, मोजी, डंख सोशी. आणि ह्यूबर प्रश्न विचारी. पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडणारी एक पेटी त्याने तयार केली होती, आणि तिच्या साहाय्याने पोळ्याचे अंतरंग वाचणे शक्य झाले.

त्या अंतरंगात जे दिसले ते असे. वसाहतीत एक राणी असते, हंगामापुरते काही शे नर असतात आणि बाकी हजारो कामकरी माश्या असतात. सातेरीच्या भरल्या घरट्यात त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात जाते. राणी तारुण्यात आकाशात उडून अनेक नरांशी संग करते आणि नंतर तेच बीज जपून जन्मभर अंडी घालते. फलित अंड्यातून मादी जन्मते आणि अफलित अंड्यातून नर; म्हणजे नराला आई असते, पण बाप नसतो. कामकरी आणि राणी यांची अंडी एकाच प्रकारची असतात. पहिले काही दिवस सर्वच अळ्यांना तरुण माश्यांच्या मस्तकातील ग्रंथींतून स्रवणारा दुधासारखा रस मिळतो. पुढे जिला तोच मुबलक मिळत राहतो ती राणी होते आणि जिला पराग व मध यांवर आणले जाते ती कामकरी होते. जन्मापेक्षा पोषणाने पदवी ठरावी, असे हे राज्य आहे.

कामकरी माशीचे आयुष्य हंगामात दीड महिन्याच्या आसपास असते, आणि त्यात तिच्या कामाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम झाडलोट, मग अळ्यांची दाई, मग मेण पाझरवून पोळे बांधणारी गवंडी, मग दाराची पहारेकरीण आणि अखेरीस फुलांवर जाणारी. सर्वांत धोक्याचे काम सर्वांत शेवटी येते. आयुष्यभर खपून एक माशी जो मध घरी आणते तो लहान चमच्याचा अंशमात्र भरतो.

घर आतून दिसले, परंतु ते न मोडता मध काढण्याची युक्ती अजून सापडावयाची होती. ती सापडली अमेरिकेत, १८५१ साली, लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाला. पेटीत लाकडी चौकटी ठेवल्या तर माश्या त्या चौकटी पेटीला मेणाने किंवा डिंकाने चिकटवून टाकीत, आणि पोळे कापल्यावाचून बाहेर येत नसे. लँगस्ट्रॉथच्या ध्यानात आले की सुमारे तीन-अष्टमांश इंचाची फट ठेवली तर माश्या ती मोकळी ठेवतात. फट याहून मोठी असली तर तेथे पोळे बांधतात, लहान असली तर डिंकाने बुजवितात. एवढीच मात्र येण्याजाण्याची वाट म्हणून राखून ठेवतात. या एका मापावर जगातील सर्व आधुनिक मधपेट्या उभ्या आहेत. चौकट वर उचलावी, तिच्यावरील माश्या झटकाव्या, मधाच्या घरांवरील मेणाचे पातळ झाकण सुरीने काढावे, चौकट मधयंत्रात घालून गरगर फिरवावी. मध बाहेर उडतो आणि रिकामे पोळे जसेच्या तसे माशीला परत करता येते. खालच्या कोठीत राणी व तिची पिल्ले, वरच्या कोठीत शिल्लक मध. मधपाळाने हात घालावयाचा तो वरच्या कोठीत. शिकार संपून पालन सुरू झाले ते येथे.

सातेरीचे महत्त्व आता सहज ध्यानात येईल. आग्या आणि फुलोरी यांचे पोळे एकच, उघड्यावरचे. ते चौकटीत बसत नाही. सातेरी मुळातच अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते. पेटी म्हणजे तिला आयती मिळालेली ढोलीच. मात्र युरोपीय माशीपेक्षा ती लहान असल्यामुळे तिच्या फटीचे मापही किंचित लहान. त्रिचनापल्लीचे न्यूटन नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते. त्यांनी १९१० नंतरच्या काही वर्षांत देशी माशीला साजेशी लहान पेटी बनविली आणि खेडुतांना तिचे शिक्षण दिले. दक्षिणेतील मधपालनाचा पाया असा घातला गेला. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने या उद्योगाची शिफारस केली. १९३४ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने त्याला आपल्या कार्यात स्थान दिले.

महाराष्ट्रात या उद्योगाचे माहेरघर ठरले ते महाबळेश्वर. कोकणातून पोलादपूरमार्गे आंबेनळीचा घाट चढून गेले म्हणजे जे रान लागते ते मधमाशीसाठीच लावलेले असावे असे वाटते. जांभूळ, हिरडा, पिसा, गेळा ही झाडे एकामागून एक फुलतात. शिवाय कारवी आणि व्हायटी ही दोन विलक्षण झुडपे तेथे आहेत. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा आणि व्हायटी चार वर्षांनी एकदा फुलते. परंतु फुलते तेव्हा सारा डोंगर एकदम फुलतो, आणि त्या वर्षी मधाचा पूर येतो. येथे १९४६ साली तत्कालीन मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग समितीने मधपालनाचे कार्य हाती घेतले. आज राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरीच आहे. १९६२ साली पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. या क्षेत्रातील एक अग्रणी संशोधक सी. व्ही. ठकार यांनी तर उग्र आग्या माशीलाही माणसाळविण्याचे प्रयोग केले. त्यांविषयीचे त्यांचे टिपण १९७३ साली प्रसिद्ध झाले. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर या गावी घरोघर मधपेट्या आहेत. मे २०२२ मध्ये ते गाव ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित करण्यात आले.

पेटीतून निघालेला हा मध म्हणजे फुलातील नुसता रस नव्हे. फुलातील मकरंदात पाण्याचा अंश फार मोठा असतो. अनेक फुलांत तो सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो. माशी तो मकरंद जठराच्या आधी असलेल्या एका पिशवीतून घरी आणते आणि त्यात आपले पाचक रस मिसळते. त्यायोगे साध्या साखरेचे विघटन होऊन द्राक्षशर्करा आणि फलशर्करा तयार होतात. मग तो थेंब तोंडातोंडी फिरतो, पोळ्यात पसरला जातो, आणि रात्रभर शेकडो माश्या पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवितात. पाणी सुमारे वीस टक्क्यांवर आले म्हणजे घर मेणाने बंद केले जाते. हा मध नासत नाही, याची कारणे दोन: साखर इतकी दाट की सूक्ष्म जंतूंच्या अंगातील पाणी ती शोषून घेते, आणि माशीने मिसळलेल्या एका द्रव्यामुळे मधात किंचित आम्ल व जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जखमेवर मध लावण्याच्या जुन्या उपचाराचे रहस्य यातच आहे.

बुरोंडीसारख्या समुद्रकाठच्या गावी येथे एक सावधगिरी आवश्यक असते. हवा दमट, त्यामुळे मध पिकण्यास वेळ लागतो; आणि मेणाने बंद न झालेली घरे घाईने फिरवून काढली तर असा पातळ मध काही आठवड्यांत फसफसून आंबतो. चौकटीतील तीन-चतुर्थांश घरे तरी बंद झाल्याखेरीज मध काढू नये, असा मधपाळांचा नियम आहे. बरणीचे झाकणही घट्ट असावे, कारण मध हवेतील ओलावा ओढून घेतो.

शहरातील गृहिणींच्या मनात मधाविषयी जे संशय असतात त्यांचाही येथे निरास करणे योग्य होईल. थंडीत मध खाली बसून साखरेसारखा रवाळ झाला म्हणजे त्यात भेसळ आहे असे सर्रास समजले जाते. हा गैरसमज होय. द्राक्षशर्करा अधिक असलेला शुद्ध मध रवाळ होतोच. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. मध थेट विस्तवावर ठेवू नये; आयुर्वेदानेही तापविलेला मध वर्ज्य मानला आहे, आणि उष्णतेने मधातील नाजूक द्रव्ये नष्ट होतात हे रसायनशास्त्रही सांगते. उलटपक्षी, पाण्यात थेंब टाकणे, काडेपेटीची काडी बुडवून पेटविणे किंवा कुत्रा तोंड लावतो की नाही हे पाहणे, या घरगुती परीक्षांवर विसंबू नये. आजची भेसळ तांदूळ, मका यांच्या पाकाने केली जाते, आणि ती प्रयोगशाळेलाही सहजासहजी सापडत नाही; डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बाजारातील मधाची तपासणी करून हा प्रश्न चव्हाट्यावर मांडला होता. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बालकाला मध चाटविण्याची चाल जुनी असली तरी एक वर्षाच्या आतील मुलास मध मुळीच देऊ नये. मधात क्वचित असणाऱ्या एका जंतूचे बीज तान्ह्या मुलाच्या आतड्यात रुजून प्राणघातक विषबाधा घडवू शकते.

सर्वच फुलांचा मध निरुपद्रवी असतो असेही नाही. इसवी सनापूर्वी ४०१ साली झेनोफोन या ग्रीक सेनानीचे सैन्य काळ्या समुद्राकाठून परतत असता सैनिकांनी तेथील मोहोळांचा मध खाल्ला, आणि ते झिंगल्यासारखे भूमीवर पडले. दुसऱ्या दिवशी ते हळूहळू शुद्धीवर आले. तेथील ऱ्होडोडेंड्रॉन नावाच्या फुलझाडाच्या मकरंदातील विषाचा तो परिणाम होता. जे फूल तेच मधात उतरते, याचा याहून ठळक पुरावा सापडणे कठीण. ही गोष्ट पुढे फवारणीचा विचार करताना उपयोगी पडेल.

मकरंद कोठे आहे हे माशी आपल्या बहिणींना कसे सांगते, हा प्रश्नही असाच मनोरंजक आहे. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने दीर्घ काळ निरीक्षण करून सिद्ध केले की माशी नृत्याने बोलते. अंधाऱ्या पेटीत, उभ्या पोळ्यावर, ती शरीर थरथरवीत सरळ रेषेत चालते आणि वळून पुन्हा आरंभाशी येते. ही सरळ चाल उभ्या दिशेने असेल तर अर्थ असा की फुले सूर्याच्या दिशेस आहेत. ती जितकी डावी-उजवीकडे कलेल तितके सूर्यापासून डावी-उजवीकडे जावयाचे. चाल जितकी लांबेल तितके अंतर अधिक. या शोधाबद्दल १९७३ साली फ्रिश यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी सिंहलद्वीपात येऊन आपल्याकडील जातींचे नृत्य पाहिले. फुलोरी पोळ्याच्या माथ्यावरील सपाट अंगणात नाचते आणि फुलांची दिशा सरळ बोट दाखवावे तशी दाखविते. सातेरी अंधारात राहू लागली आणि तिने सूर्याची दिशा उभ्या भिंतीवर उतरविण्याची लिपी आत्मसात केली.

सातेरीचा आणखी एक पराक्रम सांगण्यासारखा आहे. मोठी गांधीलमाशी घरट्याच्या दाराशी येऊन एकेक कामकरी उचलू लागली म्हणजे सातेरीच्या माश्या तिच्यावर एकदम झडप घालून तिचा गोळा करतात. त्या डंख मारीत बसत नाहीत; त्या पंखांचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. गोळ्याच्या आत तापमान ४६ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. गांधीलमाशी ते सोसू शकत नाही. सातेरी त्याहून दोन-तीन अंश अधिक सोसू शकते. या दोन-तीन अंशांच्या फरकावर सारे घर वाचते.

परंतु ज्या शत्रूला कवटाळून मारता येत नाही असाही शत्रू तिच्या वाट्याला आला. १९९१-९२ साली थायी सॅकब्रूड नावाचा विषाणुजन्य रोग दक्षिण भारतात पसरला. या रोगात अळी कोषात जाण्यापूर्वीच मरते आणि तिचे शरीर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे होते. नव्या माश्या जन्मत नाहीत, जुन्या सहा आठवड्यांत संपतात, आणि मधाने भरलेली पेटी रिकामी पडते. दक्षिणेत पाळलेल्या सातेरीच्या वसाहतींपैकी बहुतांश अल्पावधीत नाहीशा झाल्या. विषाणूवर औषध नव्हते. ज्या थोड्या वसाहती तगल्या त्यांच्यापासूनच पुन्हा वाढ करणे, दुर्बळ वसाहतीत बळकट राणी देणे, पेट्या स्वच्छ ठेवणे, एवढेच मधपाळाच्या हाती होते.

या आपत्तीनंतर अनेकांचे लक्ष युरोपीय माशीकडे वळले. ती १९६० नंतरच्या दशकात उत्तर भारतात स्थिर झाली होती, आणि तिचे मधाचे उत्पन्न सातेरीच्या कितीतरी पट असते. मोहरी, सूर्यफूल यांच्या विस्तीर्ण शेतांत ती उत्तम काम करते. परंतु ज्या व्हरोआ नावाच्या गोचिडीने तिला जगभर हैराण केले ती गोचीड मूळची सातेरीच्या अंगावरची. सातेरी तिला अंगावरून झाडून टाकते, चावून काढते आणि तिच्यासह सुखाने जगते. परदेशी माशीला ही विद्या ठाऊक नाही. तिला औषध द्यावे लागते आणि फुलोरा संपला की पेट्या ट्रकात घालून दुसऱ्या प्रांतात न्याव्या लागतात. कोकणातील तुकड्या-तुकड्यांच्या बागा, डोंगरउतार आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांत राहण्याची सवय सातेरीला हजारो वर्षांची आहे. केवळ मधाचे वजन करून या दोघींची तुलना करणे म्हणूनच न्याय्य नाही.

बुरोंडीच्या बागेकडे परत येण्याची हीच जागा आहे. कारण तेथे तराजूत घालावयाचे ते मधाचे डबे नव्हेत. काजूचे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणले. त्याच्या एकाच तुऱ्यात नुसती नरफुले आणि उभयलिंगी फुले अशी दोन्ही असतात, आणि त्याचा पराग चिकट असल्याने वाऱ्याने फारसा उडत नाही. तो कीटकाच्या अंगाला चिकटूनच दुसऱ्या फुलावर गेला पाहिजे. आंब्याच्या मोहोरातही हीच दोन प्रकारची फुले असतात. आंब्यावर इतर माश्यांचे काम मधमाशीपेक्षा बहुधा मोठे असते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु सातेरी, फुलोरी आणि पोयाची माशी यांचाही त्यात वाटा आहे. परसातील काकडी, भोपळा, दुधी यांची नर आणि मादी फुले निरनिराळी असतात. तेथे कीटक आला नाही तर फूल गळून जाते.

आता प्रश्न असा की ज्या दिवसांत हे कीटक मोहोरावर येतात, नेमक्या त्याच दिवसांत बागाईतदारही फवारणीचा पंप घेऊन बागेत उतरतो. त्याला दोष देणे सोपे आहे, परंतु अन्यायाचे आहे. तुडतुडा हा कीटक मोहोराचा रस शोषून घेतो, भुरी रोग मोहोर जाळून टाकतो, आणि एका ढगाळ आठवड्यात वर्षाचे उत्पन्न हातचे जाते. फवारणी न करावी तर मोहोर जातो. भलत्या वेळी करावी तर मोहोरावरील मित्र मरतात आणि फळ धरत नाही. ज्या फुलात विष, त्याचा अंश माशी घरी नेते, पिलांना भरविते. बाहेर मेलेल्या माश्या दिसतात त्यापेक्षा पेटीच्या आतील हानी पुष्कळदा अधिक असते.

या कोंडीतून वाट आहे, आणि ती फार खर्चाची नाही. मोहोर फुटण्यापूर्वीची फवारणी आणि फळधारणेनंतरची फवारणी यांनी पुष्कळसे काम भागते. मधल्या, फुले पूर्ण उमललेल्या दिवसांत कीटकनाशक शक्यतो टाळावे. टाळता आलेच नाही, तर माश्या घरी परतल्यावर सायंकाळी फवारावे, आणि शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे तो पेट्यांची दारे रात्रभर बंद ठेवू शकेल. बागेच्या बांधावरील जांभूळ, शिकेकाई, करंज यांसारखी झाडे तोडू नयेत. आंबाकाजूचा हंगाम सरल्यावर माशीला तीच जगवितात. पावसाळ्यात रान असूनही मकरंद नसतो. त्या चार महिन्यांत पेटीतील मध पुरेसा राखून ठेवावा, न पुरल्यास साखरेचा पाक द्यावा, आणि पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्यांना अडवावे. मधपाळाने सर्व मध काढून घेऊ नये, हा पालनातील पहिला धडा आहे. आणि लोभी मधपाळाच्या पेट्या पहिल्याच पावसात रिकाम्या होतात, हा त्या धड्याचा दाखला आहे.

अशा एखाद्या पेटीचा आर्थिक हिशेब मांडला तर मधाची विक्री हे उत्पन्नाचे एक कलम ठरते, आणि मेणाची विक्री दुसरे. परंतु तिसरे कलम, म्हणजे शेजारच्या बागेत अधिक धरलेले फळ, हे पेटीच्या मालकाच्या वहीत कधीच चढत नाही. ते शेजाऱ्याच्या वहीत, आणि तेही दुसऱ्याच कोणत्या तरी नावाने, जमा होते. महाबळेश्वरच्या रानात मधपाळाला मधावर भागविता येते, कारण तेथे रानच मधाचे आहे. बुरोंडीसारख्या बागाईत गावात मधपेटी टिकावयाची असेल तर ती एकट्या मधपाळाची न राहता वाडीची झाली पाहिजे. फवारणीचा दिवस वाडीने मिळून ठरविला पाहिजे, आणि बांधावरचे झाड राखण्याची जबाबदारीही मिळूनच घेतली पाहिजे. सुग्रीवाच्या मधुवनाला एक दधिमुख पुरला नाही. कोकणातील मोहोराला तर तो मुळीच पुरणार नाही.

लँगस्ट्रॉथने पेटीत एक लहानशी फट मोकळी सोडली आणि मनुष्य व माशी यांच्यातील शेकडो वर्षांची लूट थांबली. बागेतही अशीच एक फट सोडावी लागते: पौष-माघातील फुले उमलल्याचे काही दिवस. तेवढे दिवस पंप ओसरीवर राहिला, तर सकाळच्या उन्हात बुरोंडीच्या उतारांवरील तो गुंजारव पुढच्या वर्षीही ऐकू येईल.